फेणी खाली, पॉवर बँक वर: विमानाची बॅग भरताना

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून किंवा मे महिन्याची सुट्टी संपवून परत निघालेल्या गोंयकाराच्या बॅगेत कपडे थोडे आणि घरचे जिन्नस जास्त असतात. काजू, आमसुले, सुके सुंगट (कोळंबी), आईने घातलेले लोणचे, फेणीची एखाद-दुसरी बाटली, देवाकडचा नारळ. यातल्या बऱ्याच वस्तू विमानातून व्यवस्थित जातात. अडतात त्या बहुतेक वेळा चुकीच्या बॅगेत भरल्यामुळे. फेणी हातातल्या पिशवीत आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत, म्हणजे नेमके उलटे. असे का, हे एकदा समजून घेतले की लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही.

काउंटरवर वजन करून देतो ती चेक-इन बॅग विमानाच्या पोटातल्या मालकक्षात जाते. केबिन बॅग आपल्याबरोबर वर येते. वर माणसे बसलेली असतात, त्यामुळे तिथली भीती शस्त्राची. सुरी, विळी, कोयता, अडकित्ता, पाना, हातोडी, क्रिकेटची बॅट हे सगळे केबिनमध्ये नको. सुटी मिरचीपूडही नको, कारण ती कोणाच्याही डोळ्यांत फेकता येते. हीच सुरी किंवा बॅट मालकक्षात कोणाच्या हाती लागत नाही, म्हणून ती चेक-इनमध्ये बिनधास्त जाते. पात्याला जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी मात्र गुंडाळावी, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही.

मालकक्षातली भीती वेगळी, आगीची. तिथे माणूस नसतो. धूर निघाला तर यंत्र इशारा देते, पण हजारो फूट उंचीवर खाली जाऊन बॅग शोधणे आणि विझवणे कोणालाच शक्य नसते. म्हणून जे पेटू शकते, पण पेटल्यावर माणसाने लगेच हाताळले तर आवरते, ते वर न्यायचे. आणि जे पेटले तर कुठेच आवरणार नाही, ते कोणत्याच बॅगेत नाही: फटाके, पेट्रोल, थिनर, गॅसची डबडी, ॲसिड.

11 मे 1996 रोजी अमेरिकेत मायामीहून निघालेले व्हॅल्यूजेटचे विमान काही मिनिटांत पाणथळ भागात कोसळले आणि त्यातली 110 माणसे गेली. मालकक्षात ऑक्सिजन तयार करणारी जुनी नळकांडी होती. कागदावर ती 'रिकामी' म्हणून लिहिलेली होती आणि प्रत्यक्षात भरलेली होती. विमानतळावर 'स्टोव्ह रिकामाच आहे', 'लायटरमधला गॅस संपलाय' असे सांगून भागत नाही, त्याचे कारण हे. रिकाम्या दिसणाऱ्या डबडीत उरलेली वाफही पेटायला पुरते.

आपल्याकडे धोकादायक मालाचे नियम 2003 पासून लागू आहेत आणि ते आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सूचनांना धरून आहेत. विमानतळावरच्या बोलीत या मालाला 'डीजी', म्हणजे डेंजरस गुड्स, म्हणतात. त्याची देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. शस्त्रे आणि केबिनमधल्या मनाई वस्तूंची यादी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवतो, आणि गोव्याच्या दोन विमानतळांपैकी दाबोळीला काय किंवा मोपाला काय, तपासणीला उभे असतात ते सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, जवान. त्यावर प्रत्येक विमान कंपनीचे आपले नियम असतात. ते सरकारी नियमांपेक्षा कडक असू शकतात, सैल नाही. जवानाशी हुज्जत घालून उपयोग नसतो तो यामुळे. यादी त्याने केलेली नसते आणि सूट देण्याचा अधिकारही त्याला नसतो.

पॉवर बँक

आज सगळ्यात जास्त बॅगा हिच्यापायी उघडाव्या लागतात, म्हणून इथे थोडे थांबू.

लिथियम बॅटरीत आतल्या आत शॉर्ट झाला की एक पेशी तापते, ती शेजारच्या पेशीला तापवते आणि साखळी सुरू होते. पडल्याने दबलेली, पाण्यात भिजलेली किंवा निकृष्ट बनावटीची बॅटरी इथेच दगा देते. मालकक्षात आग विझवायला हॅलॉन नावाचा वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत चाललेली तापण्याची साखळी थांबवू शकत नाही. ती थांबवायला बॅटरी थंड करावी लागते, म्हणजे तिच्यावर भरपूर पाणी ओतावे लागते, आणि ते काम केबिनमधले कर्मचारीच करू शकतात. पॉवर बँक, मोबाइलची किंवा कॅमेऱ्याची सुटी बॅटरी, ड्रोनच्या काढलेल्या बॅटऱ्या हे सगळे केबिनमध्येच न्यायचे, चेक-इनमध्ये कधीच नाही, ते यासाठी.

किती मोठी चालते? मोजमाप वॉट-अवरमध्ये असते, पण पॉवर बँकेवर ठळक अक्षरांत लिहिलेला असतो तो एमएएचचा (मिलीअँपिअर-अवरचा) आकडा. हिशोब सोपा आहे. एमएएचला व्होल्टने गुणायचे आणि 1000 ने भागायचे. आतल्या पेशींचे व्होल्टेज साधारणपणे 3.7 असते. म्हणजे 10,000 एमएएचची पॉवर बँक 37 वॉट-अवर, 20,000 ची 74, आणि 27,000 ची 99.9. शंभरपर्यंत परवानगी लागत नाही. 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते आणि तशा जास्तीत जास्त दोनच नेता येतात. 30,000 एमएएचची पॉवर बँक 111 वॉट-अवर होते, म्हणजे ती या मधल्या गटात पडते. दुकानदार हे सांगत नाही. 160 च्या वरची प्रवाशाच्या सामानात चालतच नाही.

आता तुमची पॉवर बँक उलटी करून मागचे बारीक अक्षर वाचा. तिथे क्षमता, व्होल्ट आणि वॉट-अवर छापलेले दिसायला हवेत. खिशात घासून अक्षरे पुसली असतील, किंवा बाजारातून घेतलेल्या स्वस्त मालावर काही छापलेलेच नसेल, तर ती तपासणीत काढून ठेवू शकतात, कारण आकडा नसेल तर खात्री कशी करणार? फुगलेली, वाकलेली, तापणारी पॉवर बँक तर घरीच ठेवा. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घाला. किल्ल्या आणि नाणी असलेल्या कप्प्यात बॅटरी टाकली की धातू दोन्ही टोकांना एकदम टेकतो आणि शॉर्ट होतो.

विमानात बसल्यावरही ती डोक्यावरच्या कप्प्यात टाकू नये आणि तिच्यावर मोबाइल लावून झोपू नये. चार्ज होताना बॅटरी तापते, आणि वरच्या बंद कप्प्यात, कपड्यांच्या गराड्यात ती कधी तापली हे धूर निघेपर्यंत कळत नाही. समोरच्या सीटच्या खिशात किंवा पायाशी, नजरेसमोर असावी.

चूक होते ती एका विशिष्ट क्षणी. विमान भरलेले असते, वर कप्प्यांत जागा नसते आणि दारात कर्मचारी म्हणतो, 'तुमची बॅग खाली पाठवतो.' आपण हो म्हणतो, टॅग लागतो आणि केबिनसाठी भरलेली पॉवर बँक मालकक्षात जाते. त्यामुळे केबिन बॅगेत सगळ्या बॅटऱ्या एका छोट्या पाऊचमध्ये, अगदी वर ठेवाव्या. बॅग देताना पाऊच काढून हातात घ्यायला पाच सेकंद लागतात. बॅटरी बसवलेली 'स्मार्ट' सूटकेस असेल तर तिची बॅटरी काढता येते का, हे घेतानाच पाहावे. निघत नसेल तर अशी बॅग चेक-इनला घेत नाहीत.

फेणी, हुर्राक आणि निरो

काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि तेव्हापासून चांगल्या, सीलबंद बाटल्यांतून ती सहज मिळते. विमानाच्या दृष्टीने हे फार सोयीचे झाले, कारण नियम सगळा दोन गोष्टींवर उभा आहे: अल्कोहोलचे प्रमाण आणि पॅकिंग. 24 टक्क्यांपेक्षा जास्त आणि 70 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर एका माणसाला चेक-इनमध्ये 5 लिटरपर्यंत नेता येते, तेही दुकानातल्या मूळ सीलबंद पॅकिंगमध्ये. बाटलीतली फेणी साधारण 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे ती याच गटात. 750 मिलीच्या सहा बाटल्या केल्या तर साडेचार लिटर होतात. सातवी घातली की 5.25, म्हणजे मर्यादेबाहेर. 24 टक्क्यांपर्यंतची वाइन आणि बिअर या मर्यादेत मोजत नाहीत. तिथे बॅगेचे वजन आडवे येते तेवढेच. 70 टक्क्यांच्या वरचे पेय कुठल्याच बॅगेत नाही.

भट्टीवरून आणलेली फेणी मात्र पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत किंवा गाराफांवात (मोठ्या काचेच्या बाटलीत) असते. चवीला ती कितीही सरस असली तरी तिच्यावर लेबल नाही, प्रमाण लिहिलेले नाही, सील नाही. ती अडवतात आणि ते बरोबरच आहे. हुर्राकचेही तेच. पहिल्या धारेचा हुर्राक साधारण 15 टक्क्यांचा, म्हणजे कागदोपत्री सौम्य, पण बिनलेबलाच्या बाटलीतला द्रव हुर्राक आहे की स्पिरिट, हे यंत्रासमोर बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नाही.

निरो तर नेऊच नये. काजूच्या बोंडूंचा ताजा रस काही तासांत आंबायला लागतो, वायू धरतो आणि घट्ट झाकणाची बाटली फुटते. माडाची सूर, म्हणजे माडी, हीही तशीच वागते.

सीलबंद बाटलीसुद्धा नीट बांधावी लागते. उडताना विमानातला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी होतो. बाटलीच्या मानेतली हवा फुगते आणि सैल झाकणातून द्रव बाहेर ढकलते. झाकणावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, बाटली जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, मग टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे येतील अशी ठेवा. कडेला ठेवलेली बाटली बॅग आपटली की पहिली फुटते, आणि शेजाऱ्यांच्या बॅगाही त्या वासात भिजतात.

विमानाची 5 लिटरची मर्यादा आणि अबकारी खात्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानाने नेऊ दिले म्हणून पोचल्यावर चालेल असे नाही. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. महाराष्ट्रातही गोव्याची दारू परवान्याशिवाय नेल्यास कारवाई होते. दुकानाचे बिल जपून ठेवा आणि पोचायच्या राज्याचा नियम निघण्याआधी पाहा.

नारळ आणि देवघरातले सामान

सुके खोबरे विमानात चालत नाही, ना वर ना खाली. वाटी असो की तुकडे. लोकांना हे पटत नाही, पण कारण खरे आहे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते. ते तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडते, आणि ढिगात ती उष्णता साठत जाऊन खोबरे आपोआप पेटू शकते. म्हणून जगभरच्या धोकादायक मालाच्या यादीत ते आपसूक तापणाऱ्या पदार्थांच्या वर्गात आहे. अखंड नारळालाही केबिनमध्ये एरवी परवानगी नाही. शबरीमलाला इरुमुडी (पूजासाहित्याचे गाठोडे) घेऊन जाणाऱ्या भाविकांना ऑक्टोबर 2024 मध्ये सूट दिली होती, ती 20 जानेवारी 2025 पर्यंतच्या यात्राकाळापुरती. देवाकडचा ओला नारळ न्यायचाच असेल तर चेक-इनमध्ये घेतील का, हे विमान कंपनीला आधी विचारावे.

कापूर ज्वलनशील घन पदार्थ, तोही दोन्हीकडे बंद. काडेपेटी आणि लायटर आपल्या देशात ना खिशात, ना केबिनमध्ये, ना चेक-इनमध्ये. काही देशांत एक लायटर खिशात चालतो, त्यामुळे परदेशातून आलेले पाहुणे इथे गोंधळतात. चवथीचे उरलेले फुलबाजे मुलांच्या दप्तरात राहून गेलेले नाहीत ना, तेही पाहा. ई-सिगारेटवर तर 2019 च्या कायद्याने देशातच बंदी आहे.

स्वयंपाकघरातून

तेल सुटलेले लोणचे केबिनमध्ये अडते, चेक-इनमध्ये जाते. बरणीच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद ठेवून वर झाकण, मग पिशवी, मग दुसरी पिशवी. बरणी काठोकाठ भरू नका. आगळ (कोकमाचा रस) आणि माडाचे व्हिनेगरही असेच, चेक-इनमध्ये. मसाल्यांच्या पुड्या खाली. काजू, आमसुले, पेराद (पेरूची वडी), बिबिक (थरांचा गोड केक) हे देशातल्या प्रवासात कुठल्याही बॅगेत न्या.

सुकी मासळी धोकादायक माल नाही. तिची अडचण वासाची. हवाबंद पॅकिंग नसेल तर कंपनी नाकारू शकते. ताज्या मासळीत अडचण पाण्याची: बर्फ वितळतो, खारे पाणी गळते आणि ते विमानाच्या धातूला गंजवते. त्याऐवजी सुका बर्फ वापरता येतो, एका माणसाला अडीच किलोपर्यंत आणि कंपनीची परवानगी घेऊन. त्याचा डबा हवाबंद करू नका. सुका बर्फ पाणी न होता थेट कार्बन डायऑक्साइड वायू होतो, आणि वाट नसेल तर डबा फुटतो.

अत्तर, डिओडरंट, केसांचा स्प्रे यांची एकेक बाटली किंवा डबी अर्धा लिटरपर्यंत आणि सगळे मिळून दोन लिटरपर्यंत चालते. स्प्रेला टोपण हवेच, नाहीतर बटण दाबले जाऊन बॅगेत वायू भरतो. डास-झुरळ मारायचा स्प्रे यात मोजू नका, तो बंद आहे.

औषधे मात्र नेहमी वर. इन्सुलिन गोठले की निकामी होते आणि मालकक्षात गारठा असू शकतो. सुया आणि इन्सुलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केबिन बॅगेत ठेवा, चिठ्ठीवरचे नाव तिकिटावरच्या नावाशी जुळू द्या. बॅटरीवरची व्हीलचेअर असेल तर तिकीट काढतानाच कंपनीला बॅटरीचा प्रकार कळवा. ऐनवेळी काउंटरवर सांगितले तर माणूस अडकून पडतो.

आखाताकडे आणि विलायतेला

परदेशात जाणाऱ्या विमानात हातातल्या द्रवांना 100 मिलीचा नियम लागतो. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, तेव्हापासूनचा. मोजतात ती बाटलीची क्षमता, आतला द्रव नव्हे. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी उरलेले चमचाभर तेलही अडते. सगळ्या छोट्या बाटल्या एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत बसायला हव्यात. तूप, जॅम, चटणी, टूथपेस्ट द्रवातच धरतात. ड्युटी-फ्री दुकानातली बाटली सीलबंद पिशवीत देतात. मध्ये विमान बदलायचे असेल तर शेवटच्या विमानतळापर्यंत ती पिशवी उघडू नका.

दुबई, दोहा, रियाधला जाणाऱ्यांनी खसखस या एका शब्दापाशी थांबावे. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि त्यापायी माणसे तुरुंगात गेलेली आहेत. विमानतळावर इथे कोणी अडवेलच असे नाही, गोष्ट तिकडे उतरल्यावर उघड होते. पुडी घेतली नाही एवढ्याने भागत नाही. शाकुतीच्या घरगुती मसाल्यात खसखस असते, चवथीच्या नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) चुनात, म्हणजे सारणात, असते, अनारशांवर तर वरूनच लावलेली असते. मुलाला डबा भरून देताना आईने हे आठवणीने पाहावे. दुसऱ्याने 'माझ्या भावाला द्या' म्हणून दिलेले बंद पुडके उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. ओळख कितीही जुनी असली तरी बॅग तुमच्या नावावर असते. ट्रामाडॉल, कोडीन असलेली दुखण्याची आणि खोकल्याची औषधे संयुक्त अरब अमिरातीत नेण्याआधी तिथल्या सरकारी यंत्रणेची परवानगी घ्यावी लागते.

ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून नेता येत नाहीत. चोरीस (गोव्याचे मसालेदार सॉसेज) आणि पेढे दोन्ही त्यात आले.

किनाऱ्यावर उचललेल्या वस्तूंचाही विचार करा. प्रवाळ, म्हणजे कोरल, आणि काही जातींचे शंख-शिंपले 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून नेणेही गुन्हा ठरतो. परवान्याशिवायचा सॅटेलाइट फोन आणि उपग्रहाशी जोडणारे गिर्यारोहकांचे ट्रॅकर भारतात चालत नाहीत, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना त्यासाठी ताब्यात घेतलेले आहे. घरी पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच कळवा. किल्लीच्या साखळीला लावलेले बंदुकीचे काडतूस, खरे असेल तर, शस्त्र कायद्यात येते.

बॅग अडली तर

चेक-इन बॅग दिल्यावर लगेच सुरक्षा तपासणीकडे पळू नका. दहा-पंधरा मिनिटे हॉलमध्ये थांबा आणि मोबाइल चालू ठेवा. बॅग एक्स-रेमध्ये अडली तर कंपनीचे लोक फोन करतात किंवा नाव पुकारतात. तुम्ही गेलात, वस्तू तुमच्यासमोर काढली, तर बॅग त्याच विमानात जाते. तुम्ही सापडला नाहीत तर बॅग मागे राहू शकते, आणि मग ती दुसऱ्या दिवशी येते.

केबिन तपासणीत वस्तू अडली तर शांतपणे एकच विचारा: ही चेक-इनमध्ये चालेल का? चालत असेल आणि वेळ असेल तर परत काउंटरवर जाऊन ती टाकता येते. सोडायला आलेले माणूस बाहेर असेल तर त्याच्या हाती देता येते. म्हणून मोपाला काणकोण-सांग्याहून गाडी घेऊन आलेल्या घरच्यांना, तुम्ही आत तपासणी पार करून फोन करेपर्यंत, पार्किंगमध्येच थांबायला सांगा.